फिरतीवरील एक रसिक



आपल्या संगीताचा इतिहास जेव्हां सांगितला जातो, तेव्हां त्यांत गवयांचीं नांवें येतात, त्यांच्या गुरूंचीं येतात, आणि त्यांना आश्रय देणाऱ्या राजेरजवाड्यांचींहि येतात. परंतु मैफलींत पाठीमागच्या रांगेंत जाजमावर बसून रात्रभर ऐकणाऱ्या माणसाचें नांव कोठेंहि येत नाहीं. येण्याचें तसें कारणहि नाहीं; त्यानें एक स्वरसुद्धां लावलेला नसतो. अशाच एका माणसाविषयीं आज मी बोलणार आहें. ते माझे वडील. ते गात नसत. कोणतेंहि वाद्य त्यांना वाजवितां येत नसे. मुंबईच्या एका पेढीचे ते फिरते एजंट होते आणि शिवणाचा दोरा विकीत असत. मुलाच्या नात्यानें त्यांची स्तुति करावी, हा माझा उद्देश नाहीं. बेताच्या मिळकतीचा माणूस जाणता श्रोता कसा बनतो, त्यासाठीं त्याला काय मोजावें लागतें, आणि तें मोजणारा तो एकटाच असतो काय, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

वडिलांचा जन्म १९२२ सालीं वाई येथें झाला. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर कांहीं वर्षें त्यांनीं एका कापडाच्या दुकानांत गज हातीं धरला, आणि १९४४ सालीं दोऱ्याच्या पेढींत त्यांची नेमणूक झाली. पुण्यास रास्ता पेठेंत दोन खोल्यांचें बिऱ्हाड, महिन्यांतून अठरा-वीस दिवस फिरती, पगार बेताचा, त्यावर विक्रीप्रमाणें थोडें कमिशन आणि फिरतीचा ठराविक रोजचा भत्ता, अशी त्यांच्या संसाराची मांडणी होती. बरोबर एक पत्र्याची ट्रंक असे. तिच्या वरच्या कप्प्यांत नमुन्याचीं रिळें ओळीनें लावलेलीं असत. खालच्या कप्प्यांत दोन धोतरें, एक कोट, तांब्या आणि ऑर्डरींची वही. ट्रंकेला कुलूप असेच. तरी वही मात्र ते आणखी एका फडक्यांत गुंडाळून ठेवीत. तें कां, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

विक्रेता म्हटला कीं तो बोलका असलाच पाहिजे, अशी लोकांची समजूत असते. वडील फारसे बोलत नसत. दुकानांत शिरले कीं ते बाकावर बसत आणि दुकानदाराला आधीं बोलूं देत. कोणता रंग पडून राहिला आहे, कोणत्या नंबराचा दोरा यंत्रावर तुटतो, कोणत्या शिंप्यानें उधारी थकविली आहे, हें सर्व ऐकून झाल्यावर मगच ट्रंक उघडे. “गिऱ्हाइकाला काय पाहिजे, तें त्याच्या चौथ्या वाक्यांत असतें, पहिल्या तिन्हींत नसतें,” असें ते म्हणत. वसुलीच्या बाबतींतहि त्यांचा एक नियम होता. उधारी आणि विलंबित ख्याल यांना घाई केली तर दोन्ही बिघडतात, हा तो नियम. ऐकण्याचा हा अभ्यास त्यांना धंद्यानें दिला कीं गाण्यानें, हें मला सांगतां येणार नाहीं. बहुधा दोहोंनीं मिळून दिला असावा.

त्यांच्या फिरतीचा मार्ग ठरलेला होता. पुण्याहून त्या वेळच्या मीटरगेजच्या गाडीनें कऱ्हाड, सांगली, मिरज, कोल्हापूर. आणि मिरजेहून पुढें बेळगांव, धारवाड, हुबळी. पेढीनें हा मार्ग दोऱ्याच्या खपाकडे पाहून आंखला होता. परंतु नकाशावर बोट फिरवून पाहिलें, तर ख्यालगायनाच्या दृष्टीनें इतका संपन्न मुलूख दक्षिणेंत दुसरा सांपडणार नाहीं. हें असें कां झालें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

पहिलें कारण संस्थानांचें. कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, इचलकरंजी अशीं लहानमोठीं राज्यें व जहागिऱ्या या पट्ट्यांत एकमेकांना लागून होत्या, आणि दरबारीं गवई असणें हें त्यांना भूषण वाटे. जयपूर घराण्याचे अध्वर्यू अल्लादियाखां यांना शाहू छत्रपतींनीं कोल्हापुरास आश्रय दिला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनीं मिरजेस विद्यादान केलें, आणि १८७२ सालीं कुरुंदवाडास जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याजवळ तेथेंच शिकले. दुसरें कारण नाटक मंडळ्यांचें. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्करांनीं संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणल्यानंतर संगीत नाटकें घेऊन मंडळ्या हुबळी-धारवाडपर्यंत फिरूं लागल्या, आणि कानडी मुलखालाहि त्या गाण्याची गोडी लागली. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, हे मराठी रंगभूमीवरच नांवारूपाला आले.

तिसरें कारण स्वतः रेल्वेच. किराण्यास जन्मलेले अब्दुल करीमखां मिरजेस स्थायिक झाले, आणि म्हैसूर दरबारीं जातां-येतां धारवाड-हुबळीकडे मुक्काम करीत. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याजवळ शिकण्यासाठीं गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला आगगाडीनें जात. धारवाडजवळच्या मन्सूर गांवचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले. करीमखांसाहेबांचा शेवटहि रेल्वेच्या फलाटावरच झाला. १९३७ सालच्या ऑक्टोबरांत मद्रासजवळील सिंगपेरुमाळ कोइल या स्थानकावर त्यांनीं देह ठेवला, आणि मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत त्यांना चिरविश्रांति मिळाली. तेव्हांपासून त्या दर्ग्याच्या उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गवई-वादक येऊन आपली सेवा रुजू करतात. चिंचेच्या झाडाखालीं रात्रभर गाणें चालतें, आणि त्याला तिकीट नसतें.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ व १९४९ या दोन वर्षांत, हीं संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं आणि दरबारचा आश्रय संपला. त्याची जागा कोणीं घेतली? कांहीं अंशीं आकाशवाणीनें. धारवाडचें केंद्र १९५० सालीं, पुण्याचें १९५३ सालीं आणि सांगलीचें १९६३ सालीं सुरू झालें. कांहीं अंशीं गांवोगांवच्या संगीत मंडळांनीं आणि उत्सवांनीं. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें पुण्यांत जो महोत्सव सुरू झाला, तोहि १९५३ सालचाच. परंतु या सर्वांच्या मुळाशीं वर्गणी देणारा आणि तिकीट काढणारा सामान्य माणूस होता. पूर्वीं जो खर्च एका राजाला पेलत असे, तो आतां शेंकडों लोकांनीं आपापल्या खिशांतून वांटून घेतला. त्या शेंकडोंपैकीं एक माझे वडील होते.

त्यांच्या खिशांत किती होतें, हें सांगतों. १९५५ च्या सुमारास त्यांचा भत्ता रोजचा ३ रुपये होता. त्यांत राहण्याचें, दोन वेळच्या जेवणाचें आणि हमालाचें भागवावयाचें. रात्रीचें जेवण सोडून चुरमुरे आणि केळीं यांवर भागविलें, म्हणजे दहा-बारा आणे सुटत. असे दोन-तीन दिवस केले कीं मैफलीच्या मागच्या रांगेचें तिकीट निघे. लॉजऐवजीं धर्मशाळेंत उतरलें, तर एक रुपया सुटे. पेढीच्या पैशाला त्यांनीं कधींहि हात लावला नाहीं. जें मोजलें, तें आपल्या पोटांतून मोजलें. निदान पुष्कळ दिवस मला तसेंच वाटत होतें.

घरीं असत तेव्हां ते मला ऐकावयास शिकवीत. मला गळा नव्हता आणि कानहि बेताचाच होता. तरी त्यांनीं सांगितलेल्या तीन गोष्टी मला अजून उपयोगीं पडतात, म्हणून त्या आपणांसहि सांगतों. पहिली गोष्ट अशी कीं, तंबोरे जुळविले जात असतांनाच जाऊन बसावें. आपल्या संगीतांत षड्जाची उंची कायमची ठरलेली नसते. प्रत्येक गायक आपल्या गळ्याप्रमाणें ती ठरवितो आणि बाकीचे सर्व स्वर तिच्यापासून मोजले जातात. ज्यानें षड्ज कानांत भरून घेतला नाहीं, त्याला पुढील रात्रभर माप नसलेल्या दुकानांत बसल्यासारखें होतें. दुसरी गोष्ट समेची. एकतालाच्या बारा किंवा त्रितालाच्या सोळा मात्रांचें आवर्तन पुरें होऊन गायक पहिल्या मात्रेवर परत येतो, ती सम. श्रोत्यानें बोटें मोजीत बसूं नये. परंतु गायक घरीं कोणत्या वाटेनें परत येतो, इकडे लक्ष ठेवावें. तिसरी गोष्ट दाद देण्याची. “दाद आगाऊ देऊं नये. माल हातांत आल्यावर किंमत द्यावी, आणि मग हात आखडूं नये.”

१९५८ सालीं त्यांनीं चावीचा एक जुना ग्रामोफोन घेतला. आपल्या देशांत गाण्याचें ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झालें. त्या काळच्या लाखेच्या दहा इंची तबकडीची एक बाजू मिनिटाला ७८ फेरे घेऊन सुमारें तीन मिनिटांत संपे, आणि पोलादी सुई वरचेवर बदलावी लागे. मैफलींत तासभर चालणारा राग त्या तीन मिनिटांत बसविणें हें कौशल्याचें काम होतें, आणि करीमखांसाहेबांनीं अखेरच्या वर्षांत ओडियन कंपनीसाठीं गाइलेल्या तबकड्या ऐकल्या म्हणजे तें कौशल्य कळतें. वडील त्या तबकड्या जपून वापरीत, परंतु शेवटीं सुई उचलतांना म्हणत, “हा नमुना. माल मैफलींत मिळतो.”

आतां मला एक अशी गोष्ट सांगावयाची आहे, जी सांगावी कीं नाहीं याचा मी पुष्कळ विचार केला. साल १९६९. मी दहा वर्षांचा होतों. वडील एका गुरुवारीं सकाळच्या गाडीनें मिरजेहून यावयाचे होते. महिनाअखेर होती. माझ्या धाकट्या बहिणीला दोन दिवस ताप येत होता, आणि घरांतले पैसे वडील येतील त्या दिवसापर्यंतच पुरणारे होते. आईनें मला त्यांना आणावयास स्टेशनावर पाठविलें, म्हणजे तेथूनच ते डॉक्टरांना घेऊन येतील. गाडी आली, रिकामी झाली, फलाट झाडला गेला. वडील आले नाहींत. शुक्रवारीं मी पुन्हां गेलों. पुन्हां तसेंच. दुपारीं आईनें शेजारच्या बिऱ्हाडांतून दहा रुपये उसने आणले. उसने मागण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. शनिवारीं वडील आपले आपण घरीं आले. मिरजेस उरूस होता. एक रात्र म्हणून ते थांबले होते. एकाच्या दोन झाल्या.

बहिणीचा ताप तोंवर उतरला होता. आईनें त्यांना पाटावर बसवून भाकरी वाढली, आणि मग एवढेंच म्हणाली, “तुमच्या मिरजेंत इतक्या तारा, त्यांतली एक आमच्या वाट्याला आली नाहीं.”

वडील कांहीं बोलले नाहींत. मीहि बोललों नाहीं. परंतु त्या दिवसापासून ग्रामोफोन लावला कीं मी बाहेर निघून जाऊं लागलों. गाणें म्हणजे आमच्या घरांतून कांहीं तरी उचलून नेणारी वस्तु, असें माझ्या मनानें घेतलें. भत्त्यांतून वांचविलेले आणे वडिलांच्या पोटांतले होते, हें खरें. परंतु त्या दोन दिवसांची किंमत त्यांनीं एकट्यानें मोजलेली नव्हती. रसिकतेविषयीं पुष्कळ लिहिलें जातें, तेव्हां ही जमाखर्चाची दुसरी बाजू सहसा कोणी लिहीत नाहीं. मैफलींत बसलेल्या प्रत्येक माणसामागें कोणी तरी घरीं दार उघडण्यासाठीं जागें असतें.

पुढें चार वर्षांनीं, १९७३ सालीं, वडील एके दिवशीं म्हणाले, “या वेळीं माझ्याबरोबर मिरजेस चल.” मला जावयाचें नव्हतें. आईनें डबा करून दिला आणि जावयास लावलें.

उरुसाच्या आदल्या दिवशीं वडील मला तंतुवाद्यें तयार करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानीं घेऊन गेले. मिरजेंत हा धंदा १९ व्या शतकापासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पंढरपूरकडून आणलेले सुके भोपळे छताला टांगलेले होते. लांकडाचा भुसा, लाख आणि चिकट यांचा वास येत होता. वडिलांनीं ट्रंक उघडून एक रीळ काढलें आणि तें कारागिराच्या पुढें ठेवलें. तो पेढीचा विक्रीचा माल नव्हता; मऊ सुताचें एक रीळ ते स्वतः विकत घेऊन दर वर्षीं त्याला नेऊन देत. दोऱ्याचें येथें काय काम, असें मीं विचारलें, तेव्हां कारागिरानें हातांतला तंबोरा मांडीवर आडवा घेऊन मला तें दाखविलें.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली बहुतकरून मंद्र पंचमांत लावतात, मधल्या दोन जोडीच्या षड्जांत, आणि चौथी पितळेची तार खर्जांत. या तारा भोपळ्यावरच्या तबलीवर बसविलेल्या घोडीवरून जातात. घोडीचा माथा सतारीप्रमाणेंच रुंद असून त्याला अगदीं हलका उतार दिलेला असतो. कारागिरानें तार छेडली. आवाज आला, पण कोरडा, लगेच विझणारा. मग त्यानें रिळाचा वीतभर दोरा तोडला, तो तार आणि घोडी यांच्यामध्यें सरकविला, आणि तार छेडीत छेडीत केसाकेसानें पुढें-मागें हलवूं लागला. एका जागीं दोरा आला आणि आवाज एकाएकीं उघडला. त्या एका तारेंतून वरचे स्वर झिरपूं लागले आणि पुष्कळ वेळ दुकानांत भरून राहिले. यालाच जवारी लागणें म्हणतात. आणि त्या दोऱ्याला त्या धंद्यांत नांव आहे ‘जीव’.

याची शास्त्रीय उपपत्ति मला पुढें शिक्षकी पेशांत असतांना वाचावयास मिळाली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांच्या या विशेषाकडे शास्त्रज्ञांचें लक्ष वेधलें. तारेच्या कंपनाचा जुना नियम असा कीं, तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात, ते निघूं नयेत. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली, तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर ऐकूं येऊं नयेत. तंबोऱ्यांत ते येतात. कारण सामान्य तार एका कडेवर घट्ट टेकून कांपते. तंबोऱ्याची तार मात्र घोडीच्या उतारावर क्षणोक्षणीं टेकते आणि सुटते, आणि हें टेकणें-सुटणें कोठें व्हावें, तें तो दोरा ठरवितो. दोरा स्वतः वाजत नाहीं. तंबोरा दुरून पाहणाऱ्याला तो दिसतहि नाहीं.

त्या रात्रीं आम्ही चिंचेखालीं बसलों. कोण गाइलें, हें मला आठवत नाहीं. गाणाऱ्यामागच्या दोन तंबोऱ्यांकडे मात्र मी प्रथमच कान देऊन होतों, कारण त्यांच्या घोडीवर काय आहे, हें आतां मला ठाऊक होतें. पहांटे केव्हां तरी मला झोंप लागली. जाग आली तेव्हां वडिलांचा कोट माझ्या अंगावर होता. सकाळीं पहिल्या गाडीनें आम्ही पुण्यास निघालों आणि ठरलेल्या वेळीं घरीं पोहोंचलों.

१९८० सालीं त्यांची फिरती संपली. त्यानंतर शनिवारीं रात्रीं साडेनऊला आकाशवाणीवरील संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, जो १९५२ सालापासून चालत आलेला होता, हीच त्यांची मैफल झाली. ते कार्यक्रमाच्या आधीं पांच मिनिटें हातपाय धुऊन रेडिओसमोर बसत, आणि आई त्यांच्या शेजारीं गहूं निवडीत बसे. तिला गाणें आवडे कीं नाहीं, हें तिनें कधीं सांगितलें नाहीं. १९९८ सालीं वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं आई गेली.

फडक्यांत गुंडाळलेल्या ऑर्डरींच्या वह्या मीं उघडल्या त्या २०१७ सालीं, माझ्या निवृत्तीनंतर. एकंदर ३६ वह्या. पानाच्या पुढच्या बाजूला दुकान, दोऱ्याचा नंबर, रंग, डझन. मागच्या बाजूला पेन्सिलीनें गाण्याची नोंद: गांव, तारीख, राग, ताल, वेळ, आणि शेवटीं एक ओळ. मारवा रागापुढें लिहिलें आहे, “षड्ज फार उशिरां आला. वाट पाहावयास लावली, पण फुकट नाहीं.” मारव्यांत षड्ज मुद्दाम टाळून श्रोत्याला ताटकळत ठेवतात, शास्त्राच्या पुस्तकांत जें पानभर असतें, तें येथें एका ओळींत आहे. व्हर्नाक्युलर फायनल झालेल्या आणि एकहि स्वर न लावणाऱ्या माणसानें तीस-पस्तीस वर्षें केवळ ऐकून हें ज्ञान मिळविलें होतें. जाणता श्रोता असाच बनतो. एका रात्रींत बनत नाहीं, आणि विकत घेतलेल्या तबकडीनेंहि बनत नाहीं. पुनःपुनः जाऊन बसल्यानें आणि बसून आल्यावर काय ऐकलें हें स्वतःला विचारल्यानें बनतो.

मग मीं १९६९ ची वही काढली. मिरजेच्या उरुसाच्या दोन्ही रात्रींची नोंद होती. रागांचीं नांवें होतीं. खालीं खर्च होता: “चुरमुरे. चहा. तार केली नाहीं, पैसे राखले.” आणि त्याच्याखालीं, पेन्सिलीनें नव्हे तर शाईनें, म्हणजे घरीं परत आल्यावर लिहिलेली एक ओळ: “मुलगा दोन दिवस स्टेशनावर. चूक.”

मीं पुढच्या वह्या पाहिल्या. १९७०, १९७१, १९७२. प्रत्येक सालीं उरुसाच्या दिवसांत मिरजेच्या दुकानांच्या ऑर्डरी आहेत. म्हणजे फिरतीनें ते त्या गांवांत होतेच. परंतु त्या पानांची मागची बाजू कोरी आहे. दिवसभर दोरा विकून ते संध्याकाळच्या गाडीनें घरीं आले होते. आम्हांला त्यांनीं हें कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलेंहि नाहीं. आईला कळलें असावें. नाहीं तर १९७३ सालीं तिनें मला डबा देऊन पाठविलें नसतें. त्या वर्षींच्या नोंदींत दोन रागांचीं नांवें आहेत, आणि पुढें: “मुलगा बरोबर. पहांटे झोंपला. उठविलें नाहीं.”

गवयांना आपण गुरु म्हणतों, आणि तें योग्यच आहे. परंतु ऐकणाऱ्याचेंहि एक काम असतें, आणि तें त्या दोऱ्याच्या कामासारखें आहे. तो स्वर देत नाहीं. त्याच्या असण्यानें मात्र स्वर उघडतो. दोरा नीट जागीं नसला, तर तीच तार कोरडी वाजते. आणि मला असें वाटतें कीं, ऐकणाऱ्याच्या मागेंहि घरांत एखादा असाच न दिसणारा दोरा असतो. वडिलांना तें उशिरां कळलें. पण कळल्यावर त्यांनीं तीन वर्षें त्याची भरपाई केली, आणि त्याचा गाजावाजा केला नाहीं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यानंतर मी वडिलांच्या ट्रंकेंत उरलेलें मऊ सुताचें शेवटचें रीळ घेऊन मिरजेस गेलों. दुकानांत आतां त्या कारागिराचा नातू बसतो. त्यानें दोरा बोटांवर घेऊन हलकाच ओढला, तो तुटला. “गुरुजी, हा फार जुना झाला, आतां कामाचा नाहीं,” असें म्हणून त्यानें आपल्या नव्या रिळाचा वीतभर दोरा तोडून माझ्या हातावर ठेवला. उरुसाचे दिवस होते. संध्याकाळ झाली होती, आणि चिंचेखालीं जाजमें अंथरलीं जात होतीं.

तारेची सोय आपल्या देशांत २०१३ सालीं बंद झाली. मीं दर्ग्याच्या दारांत उभें राहून आधीं घरीं फोन केला, आणि उद्यां एक दिवस उशिरां येतों असें कळविलें. मग आंत जाऊन मागच्या रांगेंत बसलों. तंबोरे अजून जुळत होते.